बेटावरचे हमाल

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या रस्त्यावर ऊस सांडायला लागतो. ट्रेलरमधून निसटलेली कांडी, टायरखाली चिरडलेला पाला, वळणावर पडलेली एखादी अख्खी मोळी. श्रीगोंद्याच्या बाजूला निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रेलर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे गळा काढून गाणारे स्पीकर. परवा मी दळण घेऊन येत होते, तर असाच एक ट्रॅक्टर पदराला वारा लावून गेला. डबा सांभाळत कडेला उभी राहिले ती बराच वेळ तिथेच. धूळ खाली बसली तरी पाय उचलेना. हंगाम सुरू झाला म्हणायचा.

कारखान्याच्या भागात राहणाऱ्यांना हंगाम म्हटलं की काय काय आठवत असेल. रसाचा गोड वास, मळीचा आंबट वास, चिमणीतून उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी. मला आधी थकवा आठवतो. आणि त्या थकव्याच्या मधोमध एक बेट आठवतं. निळ्या पाण्यातलं, हिरवंगार, संगणकाच्या पडद्यावरचं. त्यावर बोटाच्या पेराएवढे हमाल खांद्यावर ओंडके घेऊन चाललेले असतात, आणि आमचे हे खाटेवर पाय लांब करून त्यांच्यावर ओरडत असतात, "आरं सरक की म्होरं! मागं केवडी लाईन लागली!"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझे यजमान तेव्हा कारखान्याच्या यार्डात कामाला होते. यार्ड म्हणजे उसाच्या गाड्या येऊन थांबतात ते मोठं मैदान. तिथून नंबराप्रमाणे गाडी काट्यावर जाते, वजन होतं, मग गव्हाणीपाशी ऊस उतरतो आणि चरकात जातो. गाड्या रांगेत लावायचं काम यांचं. हातात काठी, गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल. ट्रॅक्टरवाल्याला घाई, बैलगाडीवाल्याला त्याहून घाई, कारण त्याची जनावरं उन्हात उभी. दिवसभर "मागं घे, म्होरं घे, थांब" करून हे घरी यायचे तेव्हा आवाज बसलेला असायचा. जेवतानाही हातानेच बोलायचे. भाकरी हवी तर बोट पुढे, नको तर पंजा आडवा. मुली खुदखुदायच्या. मीही हसायचे, पण मागे येणारा ट्रेलर आणि त्याच्यामागे पाठमोरे उभे असलेले हे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलायचं नाही.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना एका ट्रकवरच्या मोळ्या घसरल्या आणि यांच्या पायावर आल्या. नगरला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण दिवसभर उभं राहायचं काम या पायाला आता झेपायचं नाही. यांनी मान हलवली, म्हणजे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. मी मात्र ते वाक्य जपून घरी आणलं. मला यांना यार्डातून बाहेर काढायचं होतं. त्या सबंध हिवाळ्यात मी देवाकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याला एक वाटही दिसत होती. पुढच्या हंगामापासून गाड्यांचे नंबर संगणकावर लागणार, अशी कुजबुज होती. यार्डाच्या कडेला एक खोली, खोलीत पंखा, काचेची खिडकी आणि बसायला खुर्ची. खुर्ची! तो शब्द ऐकूनच माझे गुडघे दुखायचे थांबले होते. कारखान्याचे शेतकी साहेब, ऊस आणण्याचं सगळं बघणारे, म्हणाले होते, यार्डातलाच माहितगार माणूस मिळाला तर उत्तम, फक्त त्याला ते यंत्र चालवता आलं पाहिजे. आणि यंत्र तर आमच्या घरातच होतं म्हणायला हरकत नाही. माझा धाकटा भाऊ दत्ता श्रीगोंद्यात संगणकाचा क्लास चालवायचा. तिथे चपला बाहेर काढून आत जावं लागे, देवळात गेल्यासारखं. क्लासमधला जुना झालेला एक संगणक त्याने संक्रांतीच्या सुमारास चादरीत गुंडाळून जीपमधून आमच्याकडे आणला आणि यांच्या खाटेला लावून टेबलावर मांडला. मी हळदकुंकू वाहिलं.

"दाजी, आधी हा खेळ खेळा," दत्ता म्हणाला. "माऊस हातात बसला की बाकीचं मी शिकवतो."

"पाव्हणं, माजा पाय मोडलाय," हे म्हणाले, "डोस्कं न्हाई."

पण वीज होती, दुपार होती, आणि करायला दुसरं काही नव्हतं. खेळ असा की ओसाड बेटावर वस्ती वसवायची. झाडं तोडायची, दगड फोडायचा, धान्य पिकवायचं, घरं बांधायची. लढाई नाही, शत्रू नाही. सगळा खेळ वाहतुकीचा. एक हमाल ओंडका उचलून वाटेवरच्या चौथऱ्यापर्यंत आणतो, तिथे ठेवतो, पुढचा हमाल तिथून उचलतो. चौथरा भरला की मागचा हमाल ओझं घेऊन तसाच उभा. त्याच्या मागचाही उभा. मग खाणीपासून समुद्रापर्यंत सगळं बेट उभं. यांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा खाटेवर उठून बसले.

"हे तर आपलं यार्डच हाय की गं!"

मला वाटलं, झालं आपलं काम. आता खुर्ची काही लांब नाही.

कसलं काय. यांच्या बेटावर दुसऱ्या दिवशी चक्का जाम. तिसऱ्या दिवशी नवं बेट घेतलं, तिथेही तेच. दत्ता येऊन बघायचा आणि डोक्याला हात लावायचा. यांची अडचण अशी होती की बेटावरचा प्रत्येक दगड, प्रत्येक ओंडका, प्रत्येक पोतं यांना आधी मधल्या मोठ्या कोठारात न्यायचं असे. खाणीला लागून घर बांधायचं असलं तरी दगड आधी कोठारात जाणार, तिथे टेकणार, आणि आल्या वाटेने परत खाणीशेजारी येणार. दत्ताने एकदा खाणीपासून घरापर्यंत जवळची वाट काढून दिली. यांनी ती लगेच पुसून टाकली.

"दाजी, अहो माल तिथंच पडलाय ना? मग कोठारात कशाला?"

"काटा न करता?" यांचा आवाज चढला. "काट्यावरनं न जाता माल म्होरं गेला तर त्येला काय म्हंत्यात, ठावं हाय का?"

"काय?"

"चोरी."

दत्ता म्हणाला, या खेळात काटा नाही, वजन नाही, कुणाचा ऊस कुणाच्या नावावर जात नाही. यांनी ते ऐकून घेतलं आणि परत कोठाराकडेच रस्ता ओढला. आयुष्यभर ज्या माणसाने काट्यावरून न गेलेली गाडी पाहिली नाही, त्याला वजनाशिवाय हललेला माल डोळ्यांना बघवेना. मला तेव्हा यांचा राग यायचा. आता आठवलं की हसू येतं.

एकदा यांनी विचारलं, "हे हमाल जेवत्यात कवा?"

"यांना भूक लागत नाही दाजी."

"आन् झोपत्यात?"

"नाही."

"मंग कारखान्याला असलीच मानसं पायजेत की." असं म्हणून हे हसले, आणि मग माऊस सोडून दिला. यांना ऊस तोडणारे तोडकरी आठवले असणार. पाचटाच्या कोपीत मूल झोपवून फडात जाणाऱ्या बाया, गाडीवर मोळ्यांच्या वर बसून डुलक्या घेणारे गडी. यार्डात नंबर लागेपर्यंत गाडीखाली चूल मांडून बाजरीची भाकरी थापणारी एक बाई मी स्वतः पाहिली होती. धुरात तिचे डोळे मिटलेले होते आणि हात चालू होते. ती झोपेत भाकरी थापत होती, असं मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आणि मी? प्लास्टरच्या त्या दिवसांत माझं स्वतःचं काय चाललं होतं, ते आता नीट सांगताही येत नाही. सगळं एकमेकांत मिसळलंय. गाईचं दूध डेअरीला, येताना ओढ्याकाठचं गवत. विहिरीवर जाताना धुणं, येताना पाणी. मुलींना शाळेच्या वाटेला लावायला जायचं तर येताना किराणा. माझ्या दिवसात रिकामी खेप नव्हती. बाई माणसाच्या दिवसात ती असतच नाही, आणि तिला कुणी वाहतूक म्हणतही नाही. संध्याकाळी खाटेच्या पायथ्याशी टेकले की हात मांडीवर पडलेले असायचे, माझे नसल्यासारखे. हे म्हणायचे, "दमलीस." मी म्हणायचे, "छे." दमलेय म्हणून सांगायलाही थोडा दम लागतो.

तर अशा एका दुपारी यांना खाटेवर झोप लागली होती आणि बेट तसंच उभं होतं. हमाल ओझी घेऊन ताटकळलेले. मला ते बघवेना. मी हात पुसले आणि माऊस धरला. दत्ताच्या क्लासमध्ये डबा द्यायला जायचे तेव्हा तो पोरींना शिकवताना ऐकून ऐकून एवढं तरी कळत होतं. मी मोठ्या कोठाराकडे जाणारे रस्ते पुसले आणि ठिकठिकाणी लहान लहान कोठारं मांडली. लाकूड लागतं तिथे लाकूड, धान्य लागतं तिथे धान्य. यात माझी हुशारी कसली! पीठ चुलीपाशी, गोवऱ्या परसात, पेंड गोठ्यात, हे कोणत्या बाईला शिकवावं लागतं? मिठाची बरणी कुणी दारात ठेवून रोज आत-बाहेर करतं का?

बेट चालायला लागलं. आधी एक हमाल हलला, मग त्याच्या मागचा. हे जागे झाले तेव्हा समुद्राकाठी नवी घरं उठत होती.

"हे कुनी केलं?"

"मी."

यांनी खाणीपासून समुद्रापर्यंत एकेक वाट बोटाने तपासली. मग म्हणाले, "सरपंचबाई, काटा कुटं ठिवला?"

"काटा नाही ठेवला."

"हं," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर स्वतः माऊसला फारसा हात लावला नाही. मी बसले की बाजूला सरकून जागा करायचे आणि बघत राहायचे. मी म्हणायचे, अहो तुम्ही शिका, खुर्ची तुम्हाला मिळायचीये. हे म्हणायचे, "बगून शिकतोय की." मला ते खोटं आहे हे कळत होतं आणि तरीही मी रोज दुपारी बसत होते. खरं सांगायचं तर मला तिथे बसायला आवडायला लागलं होतं. माझ्या वाट्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावरून चाललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

होळी झाली. प्लास्टर निघालं. खालून निघालेला पाय बारीक आणि फिकट होता, टेकवला की थरथरायचा. हंगामही संपला, कारखान्याचा भोंगा शेवटचा वाजला, तोडकरी कोप्या मोडून आपापल्या गावांना गेले आणि रस्ते एकदम रिकामे झाले. उन्हाळ्यात एका दुपारी शेतकी साहेब यांची विचारपूस करायला म्हणून घरी आले. मी लिंबाचं सरबत केलं. संगणक चालूच होता. मी मुद्दाम चालू ठेवला होता, ते साहेबांच्या नजरेला पडावं म्हणून.

"वा शंकरराव, बेट जोरात चाललंय की," साहेब वाकून बघत म्हणाले. "एकही माणूस खोळंबलेला नाही. आता खोलीत बसायला हरकत नाही तुम्ही."

मी आतल्या दारापाशी उभी होते. म्हणा, हो म्हणा. नुसती मान हलवा.

"ते माजं न्हाई सायेब," हे म्हणाले. "तिचं हाय. माजं समदं जाम झालं व्हतं."

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली. "मग काय, वहिनींना बसवू का खुर्चीवर?"

"बसवा की. बारावी पास हाय ती."

साहेब गेल्यावर मी भांडी आपटली. माझं लग्न झाल्यापासून मी यांना एवढं कधी बोलले नव्हते. "मी खुर्ची तुमच्यासाठी मागत होते. माझ्यासाठी नाही. एवढे महिने कशासाठी केलं मी हे?"

"मला न्हाई जमत गं त्ये," हे पायाला तेल चोळत म्हणाले. "मला म्होरं गाडी दिसाया लागती. बैल धापा टाकतोय का, ड्रायव्हर पिऊन आलाय का, त्ये काचंतनं न्हाई कळत."

"आणि पाय?"

"पाय हाय की."

मी त्या रात्री जेवले नाही. पुढे साहेबांचा खरंच निरोप आला, वहिनी तयार असतील तर बघू; पण खुर्ची नाकारायची, असं मी ठरवून टाकलं होतं. यार्डात जाणारा माणूस यार्डातच जाणार असेल तर मला काय करायचीये खिडकी आणि पंखा? पण दत्ता आला आणि त्याने वेगळंच काही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बाहेरच्या मैदानातून आतल्या यार्डात गाड्या कधी आणि किती सोडायच्या, ते त्या खोलीतून ठरणार आहे. गर्दी दाजींच्या अंगावर कोण सोडणार? जो खुर्चीत बसेल तो. तू बसलीस तर बेतानं सोडशील. दुसरा कोण बसला तर त्याला दाजींच्या पायाचं काय?"

मग मी हो म्हटलं. यांना यार्डातून काढता येत नसेल, तर यार्डच यांच्यापुरतं थोडं रिकामं ठेवता येईल, असा माझा हिशोब होता. अजूनही मला तो हिशोब चुकीचा वाटत नाही.

दिवाळी झाली, नव्या हंगामाचं मोळी पूजन झालं आणि मी खुर्चीत बसले. हंगामी ऑपरेटर. बाहेरच्या फाटकावर गाडी आली की तिचा नंबर माझ्याकडे येई, मी तो संगणकात भरे, आणि आत जागा झाली की माईकवरून पुकारे. माझा आवाज यार्डातल्या खांबांवरच्या कर्ण्यांतून घुमायचा, आणि खाली हे काठी उंचावून त्या नंबराची गाडी रांगेत घ्यायचे. पहिले दिवस बरे गेले. मी दोन ट्रॅक्टर सोडायचे, थांबायचे, काचेतून यांचा टॉवेल कुठे आहे ते बघायचे, मग बैलगाड्यांना नंबर द्यायचे. बैलगाड्यांना जरा आधी. कुणाच्या लक्षात आलं असेल तर कुणी बोललं नाही. घरच्या बेटावर जसं चालायचं तसंच चाललं होतं, आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

पण बेटावर कारखान्याला भूक नसते. इथे होती. एका दुपारी गव्हाणीत ऊस कमी पडला आणि चरक रिकामा फिरायला लागला. रिकामा चरक म्हणजे कारखान्यात प्रलय. आतला फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग साहेब स्वतः धावत खोलीत आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता, त्यांनाही वरून कुणीतरी फाडून खाल्लं होतं.

"वहिनी, सोडा सगळ्या. लाईन-बिईन राहू द्या. सोडा."

"आत जागा नाही साहेब."

"सोडा म्हणतो ना!"

मी नंबर पुकारायला लागले. एक, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बाहेरच्या मैदानातले ट्रॅक्टर एकमेकांना खेटून फाटकातून आत घुसले. धूळ उठली. मला टॉवेल दिसत होता, मग अर्धा दिसला, मग दोन ट्रेलरच्या मध्ये दिसेनासा झाला. मी पुकारत होते. घसा कोरडा पडला होता, आवाज मधूनच चिरकत होता, आणि प्रत्येक नंबराबरोबर माझ्याच आवाजाने आणखी एक गाडी त्या धुळीत जात होती. धूळ खाली बसेपर्यंतचा तो वेळ मी अजून कुठेतरी अंगात घेऊन फिरते. मग टॉवेल दिसला. काट्यापाशी, हलत. कुणाला काही झालं नव्हतं. साहेबांनी कपाळ पुसलं, माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मी तो प्यायले.

संध्याकाळी आम्ही दोघं एकदमच घरी पोचलो. इतकी वर्षं हे यायचे तेव्हा मी दारात असायचे आणि हातात पाण्याचा तांब्या असायचा. त्या दिवशी दारात कुणीच नव्हतं. मुली मागच्या बाजूला अभ्यासाला बसल्या होत्या. आम्ही ओट्यावर टेकलो. यांनी पाय हाताने उचलून सरळ केला, जरा दाबला.

"आवाज बसला तुजा," हे म्हणाले.

मी नुसती मान हलवली.

"पानी?"

मी पंजा आडवा केला नाही. बोट पुढे केलं.

हे भिंतीला धरून उठले. बसा, मी आणते, असं म्हणायला हवं होतं. ते शब्द आत कुठेतरी होतेही. माझ्या यजमानांचा पाय फरशीवरून ओढत माजघरापर्यंत गेला, माठावरचं झाकण वाजलं, आणि तो पाय ओढत परत यायला लागला, तोवर मी बसून राहिले.